सोयाबीनला काय भाव? एआयचं उत्तर चुकतं कुठे?

समजा, लातूरच्या शेतकऱ्याने मोबाइलवर विचारलं, "सोयाबीनला काय भाव?" उत्तर आलं, ५,३२८ रुपये. आकडा खरा आहे. पण तो २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव आहे, आज आडतीवर मिळणारा दर नाही.

घोळ कुठे झाला?

एआय एजंटला आजचा भाव स्वतःला ठाऊक नसतो. त्याला 'टूल' जोडलेली असतात: एक हमीभाव सांगणारं, एक बाजार समितीचे दर आणणारं. प्रत्येकासोबत दोन-चार ओळींचं वर्णन असतं. ते वाचूनच एजंट टूल निवडतो. दोन्हीकडे नुसतं 'पिकाचा भाव देते' लिहिलं असेल, तर तो अंदाजानेच निवडणार.

मग वर्णन कसं हवं?

"बाजार समितीतला दर देते. पीक, बाजार समिती आणि तारीख लागते. कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर मिळतो, रुपये प्रति क्विंटल. हमीभावासाठी वापरू नये. नांदेडचा दर नसेल तर 'उपलब्ध नाही' सांगावं, लातूरचा देऊ नये."

याने फरक काय पडतो?

राज्याने जून २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केलं. शेतीत अशी साधनं वाढणार आहेत. चुकीच्या आकड्यावर कुणी टेम्पो भरून निघालं, तर भाडं आणि हमाली त्याच्याच अंगावर पडते. म्हणून हे वर्णन लिहिताना प्रोग्रामरशेजारी बाजार ओळखणारा माणूस बसलेला बरा.