डोक्याचा मुका मार



राबासाठी कवळ तोडायचे दिवस आले, की बी-खताच्या आधी मी ही गोष्ट सांगतो. रोह्याकडचा एक शेतकरी ऐनाच्या झाडावरून पडला. जखम नाही, रक्त नाही. उठला, चहा प्यायला, 'डोके दुखते' म्हणून आडवा झाला. घरच्यांनी झोपू दिले. तिन्हीसांजेला उलटी झाली आणि हाकेला ओ देईना. मग धावपळ करून पनवेलला नेले.

असे का झाले? पेणच्या खारेपाटातला बांध आठवा. पावसाचे पाणी ओहोटीला उघाडीतून खाडीत जाते. उघाडी मिटली, की तेच पाणी आत चढते. कवटी हाही बंदिस्त बांधच. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी. मार लागून आत रक्त साचू लागले, की आधी ते पाणी कण्याकडे सरकून जागा देते. म्हणून माणूस काही वेळ नीट बोलतो. जागा संपली, की दाब झपाट्याने चढतो आणि मेंदूला पुरेसे रक्त मिळत नाही.

त्याच रात्री डॉक्टरांनी साचलेले रक्त काढले. पुढे अतिदक्षता विभागात कवटीत बारीक नळी ठेवून दाब मोजत राहिले. मोठ्या माणसात हा दाब साधारण १५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो; २२ च्या वर राहिला, की उतरवावा लागतो. त्यासाठी खाटेची डोक्याकडची बाजू ३० अंश उंच, मान सरळ, गुंगीचे औषध, श्वासाला यंत्र. शिवाय शिरेतून मॅनिटॉल. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटते ना? तसे हे औषध सुजलेल्या मेंदूतले पाणी रक्तात ओढते व लघवीवाटे बाहेर काढते.

तो वाचला, पण उजव्या हाताने आजही कोयता धरवत नाही. दुपारचे ते चार तास महाग पडले.

म्हणून लक्षात ठेवा. डोक्यावर पडलेल्या माणसाला दिवस-रात्र एकटे सोडू नका. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, हातापायात अशक्तपणा, डोळ्याची एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यांपैकी काहीही दिसले तर लगेच १०८ ला फोन करा. मान हलवू नका, तोंडात पाणी घालू नका. सिटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया कुठे होते, हे फोनवरच विचारा. 'दारूची झोप असेल' म्हणून तर मुळीच थांबू नका.