जुनी रेसिंग बाइक घ्यायची तर नाव कोणाचे?

श्रीमंताच्या घरी स्पोर्ट्स कारचा हट्ट असतो, तसा आपल्या घरी आता रेसिंग बाइकचा असतो. नवी परवडत नाही म्हणून पल्सर, आरवन फाइव्ह किंवा ड्यूक जुनी पाहिली जाते. बचत गटाचे कर्ज, ऊसतोडीची उचल, आईने साठवलेले पैसे त्यात जातात. तरुणांनी हौस करू नये असे आम्ही म्हणणार नाही. पण पैसा घामाचा असेल तर व्यवहारही डोळस हवा.

गाडी घेतानाच ती विकायचा विचार करावा. उद्या घरात आजारपण निघाले तर ही गाडी चार दिवसांत, चांगल्या किमतीला विकली जाईल का? एकाच मालकाने वापरलेली, मूळ रंगाची, मूळ सायलेन्सरची आणि जिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात अशी गाडी लवकर विकली जाते. सायलेन्सर बदलून फटाके वाजवणाऱ्या गाडीला पोलिसांचा दंड असतो आणि पुढचे गिऱ्हाईकही किंमत पाडूनच मागते.

यामाहाच्या आरएक्स हंड्रेडला आज हौशी लोक मोठी किंमत देतात. पण ती गाडी १९९६ साली बंद झाली. म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक आरएक्स पंधरा वर्षांच्या केव्हाच पुढे गेली आहे. तिची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. ती झालेली नसेल किंवा चेसिस नंबर घासलेला दिसला, तर पॉलिश कितीही चमकू द्या, गाडीला हात लावू नये.

आता पेट्रोलचा हिशेब करू. कामावर जाऊन-येऊन रोज ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर झाले. साठचे ॲव्हरेज देणाऱ्या साध्या गाडीला साडेबारा लिटर लागतात. पस्तीसचे देणाऱ्या गाडीला एकवीस लिटरच्या वर लागतात. लिटरचे शंभर रुपये धरले तरी महिन्याला जवळजवळ नऊशे रुपये जादा जातात. वर्षाला ते दहा हजारांच्या पुढे होतात. तेवढ्यात मुलीच्या शिकवणीची फी भागेल.

सर्वांत मोठी गोष्ट नावाची. आपल्याकडे टीटी फॉर्मवर सही घेतली किंवा स्टॅम्प पेपर केला की गाडी आपली झाली असे समजतात. ते खरे नाही. आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. एक मोटार हातोहात तीन-चार जणांना विकली गेली, नाव मात्र बदलले नाही आणि अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावरच टाकली. म्हणून गाडी विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आपल्या जिल्ह्यात एमएच १६ ची गाडी असेल तर अहिल्यानगर, एमएच १७ ची असेल तर श्रीरामपूर कार्यालय.

पैसे देण्यापूर्वी मोबाइलवर एमपरिवहनमध्ये गाडीचा नंबर टाकून पाहावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विमा चालू आहे का ते पाहून तोही आपल्या नावावर करून घ्यावा. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा आणि इंजिन थंड असताना गाडी चालू करून पाहावी.

मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याच्या हाती चावी देऊच नये. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते.

शेवटी माय-बहिणींना एक सांगणे. बचत गटाचे हप्ते तुम्ही फेडणार असाल तर आरसीवर नाव तुमचेच लावा. पोराने गाडी खुशाल चालवावी, पण ती विकताना तुमची सही लागली पाहिजे.