हैदराबादला जाताय? अर्धा दिवस जास्त ठेवा

सुट्टी लागली की आपल्याकडची मंडळी हैदराबादला निघतात. चारमिनार, लाड बाजारच्या बांगड्या, बिर्याणी... झाली सहल! १५९१ सालचा चारमिनार पाहावाच. गोवळकोंडा ऊन चढण्याआधी चढावा. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते. मुले यात रमतात. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेवढे ध्यानात ठेवा.

पण मी म्हणते, अर्धा दिवस आणखी काढा. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हैदराबाद आपलीही राजधानी होती. मराठवाडा, बीदर, गुलबर्गा, रायचूर सारे एकाच राज्यात. मुसी नदीकाठचे हायकोर्ट मुलांना दाखवा; उदगीरचे आणि भालकीचे अपील तिथेच येई.

निजामाचा कारभार उर्दूत चाले. आपली भाषा टिकावी म्हणून लोकांनी स्वतः शाळा उभारल्या. केशवराव कोरटकरांसारख्यांनी १९०७ साली विवेकवर्धिनी काढली. ती कोठी भागात आहे. तिथून काचीगुडा जवळच. तिथे कन्नडिगांची नृपतुंग शाळा आहे. दोन्ही बाहेरून पाहिल्या तरी चालतील.

आजी-आजोबांना बरोबर न्या. त्या पिढीत मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही सहज बोलणारे पुष्कळ होते. आता असे थोडेच उरलेत. आपल्या मुलांना कुणीतरी विचारतेच, "तुम्ही मराठी की कानडी?" या दोन शाळा एकाच फेरीत पाहिल्या, तर "दोन्ही" म्हणायला ती कचरणार नाहीत.