चिंचपाड्याला कोण गेलं?

नंदुरबार जिल्ह्यात चिंचपाड्याला, भिल्लांच्या मुलखात, ख्रिस्ती मिशनचं रुग्णालय आहे. नाव काढलं की आपल्यातलेही काहीजण म्हणतात, "धर्मांतरासाठी चाललंय." हाच संशय आपल्या मदरशांवर घेतला की मात्र आपण पुरावा मागतो! डॉ. वानलेस यांनी मिरजेत 1894 साली रुग्णालय उघडलं. मिरजेच्या मशिदी ओस पडल्या का?

आणि आपण? आंबिवलीहून कसारा लोकल धरली की तास-दीड तासात शहापूर तालुक्यातले कातकरी पाडे. मोहन्यातला आपला एक डॉक्टर तिथे रविवारी जातो का? जकात गैरमुस्लिमांना चालत नाही, हा मसला सगळ्यांना पाठ आहे. नफ्ली सदक्याला ती अट नाही, हे कुणी सांगत नाही. यंदा इफ्तारचे बॅनर छापू नका. त्या पैशात औषधं घ्या, नोंदी लिहायला मी येतो.