जत्रा शाळेचं कॅलेंडर पाहत नाही



मंडळाच्या गेल्या बैठकीनंतर चहा चालू असताना एका आठवीतल्या मुलीला मी सहज विचारलं, "काय गं, यंदा गावी काय काय पाहिलंस?" तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आजोबा, गावात काही नसतंच. फक्त पाऊस असतो." तिचं गाव कुडाळ तालुक्यातलं. आईनं डोळे वटारले, वडील ओशाळून हसले. मी मात्र तिला पैकीच्या पैकी गुण दिले, कारण तिनं जे पाहिलं ते अचूक सांगितलं. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. निरीक्षण बरोबर आणि निष्कर्ष चूक, असे पेपर मी पुष्कळ तपासले आहेत.

ही मुलगी जन्मापासून दरवर्षी गावी जाते, आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टातच जाते. इथल्या आपल्या शाळांना मोठी सुट्टी तेव्हाच. हुफूफमध्ये त्या दिवसांत पारा पंचेचाळिशीच्या वर, म्हणून सुट्टी हवीच. पण नेमक्या त्याच दिवसांत कोकणात आभाळ फाटलेलं असतं. आपल्या अल-अहसाला वर्षभरात शंभर मिलिमीटरही पाऊस होत नाही. सिंधुदुर्गात तीन हजारांच्या पुढे होतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या. माणसं चिखलात लावणीला. देवळापुढचं पटांगण शेवाळलेलं. अशा वेळी गेलेल्या मुलाला गाव झोपलेलंच दिसणार.

गाव जागं होतं ते भात घरात आल्यावर. ऑक्टोबरात कापणी, झोडणी. दिवाळीच्या आसपास कणग्या भरतात आणि हात रिकामे होतात. मग तुळशीची लग्नं, आणि कार्तिकापासून जत्रांचा हंगाम. तो थेट मे अखेरपर्यंत, म्हणजे मृगाचं नक्षत्र दारात येईपर्यंत. या सात महिन्यांत सिंधुदुर्गात रोज रात्री कुठे ना कुठे दशावतार उभा असतो, असं म्हटलं तर फारसं चूक होणार नाही. म्हणजे आपल्या मुलांची सुट्टी आणि गावाची करमणूक यांची कधी गाठच पडत नाही. एका पिढीनं दुसरीला "आपलं गाव, आपलं गाव" म्हणून जे दाखवलं, ते बंद पडद्याचं नाट्यगृह होतं.

थोडी माहिती नव्या वाचकांसाठी. सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. आठ तालुके, १२१ किलोमीटरचा किनारा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत, आणि दर शंभरातली सत्त्याऐंशी माणसं खेड्यात राहणारी. अशा विखुरलेल्या वाड्यांच्या मुलखात तिकीट लावून चालणारं मोठं नाट्यगृह उभं राहणं कठीणच. तिथे नाटकच गावोगाव फिरतं. प्रेक्षकांनी जायचं नाही, कंपनीनं यायचं.

दशावतार किती जुना, यावर विद्वानांचे वाद आहेत. त्यात शिरत नाही. रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे, एवढं सांगितलं की तो निदान साडेतीनशे वर्षं मागे जातो हे कळतं. कंपन्यांची नावं गावांवरून किंवा घराण्यांवरून: नाईक मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, खानोलकर, चेंदवणकर. कुठल्या देवळाची जत्रा कुठल्या कंपनीनं करायची, हे पुष्कळ ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. रंगमंच म्हणजे देवळाचा मांड, नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात, आणि त्या इतक्या तोलानं करतात की नऊवारीतली राणी रडू लागली की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावतात.

नाव दहा अवतारांचं असलं तरी दहा अवतार ओळीनं दिसत नाहीत. पूर्वरंगात, ज्याला आडदशावतार म्हणतात, गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, पूजेला भटजी येतो आणि भटजीची यथेच्छ थट्टा होते; मोरावर सरस्वती येते. मग ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा संकासूर, काळ्या वेषातला. हा राक्षस अस्सल मालवणी बोलतो. सरपंच, तलाठी, देवस्थानचे मानकरी, मुंबईहून आलेले चाकरमानी, कुणालाही सोडत नाही. गावात वर्षभर जे कुणी तोंडावर बोलत नाही ते त्या रात्री संकासूर बोलतो, आणि ज्याच्याबद्दल बोलतो त्याला हसावंच लागतं. शेवटी विष्णू त्याचा वध करतो, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. त्यानंतर मुख्य आख्यान, पुराणातलं कुठलं तरी, उजाडेपर्यंत. पहाटे दहीहंडी फुटते, म्हणून या नाटकाला दहिकाला म्हणतात, मालवणीत धयकालो.

आता मला खरं सांगायचंय ते हे. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाला शाप देणार आणि शेवट काय, एवढं कथानक खेळाआधी रंगपटात ठरतं. बाकी सगळं नट उभ्या उभ्या बोलतो. समोरच्यानं टाकलेला शब्द झेलून त्याच्या वरचा शब्द परत करतो. हे नट बहुतेक शेतकरी, मजूर, सुतार, शिक्षण थोडं. पण संस्कृतप्रचुर राजभाषा आणि घरची मालवणी यांच्यामधून ते ज्या सफाईनं ये-जा करतात, ती सफाई मी विद्यापीठाच्या चर्चासत्रांत क्वचितच पाहिली.

याच्या शेजारी आपले इथले कार्यक्रम ठेवून पाहा. शुक्रवारी इस्तराहा भाड्यानं घेतो, मुलं नटतात, फोटो निघतात. नाटुकलं असेल तर संवाद पाठ असतात, आणि पुष्कळदा ते रोमन अक्षरांत लिहून पाठ केलेले असतात. यात मुलांचा दोष नाही, आयांची मेहनत तर मी डोळ्यांनी पाहतो. पण पाठ केलेलं मराठी आणि सुचलेलं मराठी यांत फरक आहे. एखादा शब्द विसरला की आपलं मूल स्टेजवर गप्प होतं आणि विंगेकडे बघतं. दशावतारी नट विसरू शकतच नाही, कारण त्यानं पाठच काही केलेलं नसतं. भाषा आपल्या मुलांत उतरते आहे की नुसती ओठांवर येते आहे, याची परीक्षा मला तिथे दिसते. म्हणून कार्यकारिणीला एक सूचना करतो. पुढच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात वीस मिनिटं, एक बाकडं आणि दोन मुलं द्या. कागद देऊ नका. त्यातल्या एकाला संकासूर करा आणि आपल्या मंडळाबद्दल, हिशेबाबद्दल, जेवणाच्या रांगेबद्दल हवं ते बोलायची मुभा द्या. मराठी मोडकं असलं तरी चालेल. माझ्याबद्दल बोललं तरी चालेल; या सदराच्या लांबीबद्दल त्यांना पुष्कळ काही म्हणायचं असणार.

ज्यांनी १२ सप्टेंबर २०२५ ला प्रदर्शित झालेला 'दशावतार' चित्रपट पाहिला असेल, त्यांनी दिलीप प्रभावळकरांना म्हाताऱ्या दशावतारी कलावंताच्या रूपात पाहिलंच आहे. चांगली गोष्ट आहे. पण पडद्यावर दोन-अडीच तासांत घडतं ते, आणि थंडीत चटईवर बसून रात्रभर घडतं ते, यांची जात वेगळी.

जत्रा म्हणजे नुसतं नाटक नव्हे. खाजं असतं, म्हणजे आलं घातलेल्या गुळात घोळलेल्या बेसनाच्या कांड्या. बांगड्यांची, खेळण्यांची दुकानं असतात. देवीला केळी-नारळ ठेवणाऱ्यांची रांग असते. वर्षभरात न भेटलेली माणसं भेटतात. सावंतवाडीजवळ सोनुर्लीच्या माउलीची जत्रा कार्तिकातल्या पौर्णिमेनंतर लगेच भरते; लोटांगणाची जत्रा म्हणून तिची ख्याती. महाशिवरात्रीला देवगडच्या कुणकेश्वराला समुद्राच्या काठावर यात्रा. शिमग्याला कुडाळ-मालवणकडे रोंबाट, रत्नागिरीकडे पालख्या आणि नमन-खेळे. ज्यांची मुळं रत्नागिरीकडे आहेत त्या आपल्या मुसलमान बांधवांना हातीसचा पीर बाबरशेख यांचा उरूस ठाऊक असेल; तो माघी पौर्णिमेला भरतो आणि त्याची व्यवस्था गावातले हिंदू पाहतात. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी आहेत. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली. हे एक ठिकाण पावसातही पाहता येतं, तेवढं लक्षात ठेवा.

पावसाळ्यात अगदीच काही नसतं असं नाही. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ लढवायची चढाओढ असते, बायकांचीसुद्धा. गणपतीत घरोघर भजनं आणि फुगड्या असतात. पण २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आले, तोवर आपल्यातल्या बहुतेकांची परतीची विमानं उडून गेली होती.

आंगणेवाडीबद्दल विचारणार, हे ठाऊक आहे. मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याच्या भराडीदेवीची ही जत्रा सगळ्यांत मोठी, आणि आपल्यासारख्यांसाठी सगळ्यांत अवघड, कारण तिला ठरलेली तिथीच नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. २०२३ ला ४ फेब्रुवारी होती, २०२४ ला २ मार्च, २०२५ ला २२ फेब्रुवारी. आता कंपनीच्या साहेबाला रजेच्या अर्जात "देवीनं अजून सांगितलेलं नाही" असं कसं लिहायचं? तारीख कळली की कोकण रेल्वेच्या जादा गाड्यासुद्धा भरून जातात, आणि आपल्याला तर एक्झिट री-एंट्रीपासून सुरुवात करायची असते. आपण शेवटी पासपोर्टवाले चाकरमानी. माझं मत विचाराल तर मुलांना पहिली जत्रा आंगणेवाडीची दाखवू नका. लाखोंची गर्दी, वाटेवर पुढाऱ्यांचे फलक. त्यात मुलाच्या हाती फक्त तुमचं बोट येईल. आपल्याच किंवा शेजारच्या गावची, पाच-सहाशे माणसांची जत्रा निवडा.

आणि इथल्या लोकांना हे सगळं परकं वाटेल असं समजू नका. अल-अहसाला २०१५ मध्ये युनेस्कोनं हस्तकला आणि लोककलेचं सर्जनशील शहर म्हटलं, आणि २०१८ मध्ये इथली खजुराची बनं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. ही बनं पंचवीस लाखांवर झाडांची. इथे हसावी नावाचा लाल तांदूळ होतो. आपल्या गावच्या लाल तांदळाशी तो चुलतभावासारखा वाटतो. शेतीचा मुलूख आहे हा. इथेही उन्हाळ्यात सगळं दाराआड असतं, आणि थंडी पडली की रात्री अंगणं फुलतात. कैसरिया बाजारातल्या कुठल्याही वृद्ध दुकानदाराला सांगून पाहा की आमच्याकडे पीक घरात आल्यावर रात्रभर खेळ चालतो. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही.

आता व्यवहाराचं. डिसेंबरअखेरची सुट्टी लहान असते आणि तिकीट महाग, हे मान्य. पण पाच वर्षांतून एकदा जुलैचं तिकीट सोडून डिसेंबरचं काढा. दम्माममार्गे मुंबई, तिथून रेल्वे. किंवा गोव्याचं मोपा विमानतळ, जे जानेवारी २०२३ पासून सुरू झालं आणि सावंतवाडीला अगदी जवळ आहे. निघण्यापूर्वी गावच्या एखाद्या काकाला फोन करून विचारा, "या आठवड्यात धयकालो खंय आसा?" यादी मिळेल. बरोबर चटई, कानटोपी आणि सुट्टे पैसे घ्या. जेवून दहाच्या सुमाराला जा. लवकर गेलात तर नट रंगपटात स्वतःच तोंडाला रंग लावताना दिसतील, मुलांना ते बघू द्या, कुणी हाकलत नाही. पायपेटीच्या बाजूला बसा. पूर्वरंगात मुलं हसतील, दोनच्या सुमाराला झोपतील. झोपू द्या, पांघरूण घाला. पण दहिकाल्याला उठवा. आणि लगेच घरी निघू नका. कोकणात एक म्हण आहे, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. उजाडल्यावर एसटीच्या थांब्यावर थांबलात तर रात्रीचा राजा अर्धवट पुसलेल्या रंगानिशी पेटाऱ्याशेजारी चहा पीत उभा असेल. मुलांना त्याच्याशी बोलायला सांगा. मराठीतच.