झोपेतलं दळण

मैत्रिणींनो, सकाळी उठल्या उठल्या कानशिलं ठणकतात का तुमची? जबडा आखडल्यासारखा वाटतो? मग आज घरातल्या माणसांना विचारून पाहा, 'मी झोपेत दात खाते का हो?'

मला ते आमच्या 'ह्यां'नीच सांगितलं. "रात्रभर जात्यावर दळत असतेस की काय?" मी हसण्यावारी नेलं. लहान मुलं दात खातात ती जंतांमुळे, असं आपण आजीकडून ऐकत आलो (त्याला पक्का आधार नाही बरं का!), पण चाळिशीतल्या बाईनं दात खायचे म्हणजे काय! कान दुखायचा म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले, तर कान स्वच्छ. शेवटी भाकरी खाताना दाढेला चीर गेली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांची पायरी चढले. त्यांनी हातात आरसाच दिला. सुळ्यांची टोकं झिजून सपाट झालेली, गालाच्या आत पांढरी रेघ, जिभेच्या कडेला दातांचे ठसे!

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. हलतो तो जबड्याचा सांधा. त्यात एक लहानशी चकती असते. ती जागची सरकली की 'कट्' असा आवाज होतो. नुसता आवाज होत असेल, दुखत नसेल, तर घाबरू नका. बहुधा काही करावं लागत नाही. पण दुखू लागलं, जबडा अडकला किंवा तोंडात उभी दोन बोटंही मावेनात, तर मात्र अंगावर काढू नका.

दात झिजू नयेत म्हणून मला 'स्प्लिंट' करून दिलं. काही जण त्याला नाइट गार्ड म्हणतात. गार लगद्यानं भरलेला ट्रे तोंडात धरून दातांचं माप घेतात आणि त्यावरून कडक, पारदर्शक ॲक्रिलिकचं टोपण बनवतात. ते वरच्या किंवा खालच्या दातांवर बसवून झोपायचं. बसवताना डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात, म्हणजे कुठे जास्त टेकतंय ते कळतं. टोचलं तर पुन्हा जायला संकोचू नका.

खरं सांगायचं तर, खर्च ऐकून मी पहिल्यांदा तशीच परत आले होते. मुलीच्या दातांना तारा लावताना मी एकदाही 'पुढच्या महिन्यात पाहू' म्हटलं नव्हतं! त्या दिरंगाईत दाढेची चीर वाढली आणि रूट कॅनाल, वर टोपी, असं स्प्लिंटहून महाग पडलं. मग घेतलं तेही दोन रात्री लाळ सुटली म्हणून आठवडाभर कपाटात पडलं होतं. तुम्ही असं करू नका. सवय होते.

एक मात्र ध्यानात ठेवा. स्प्लिंटनं दात खाणं थांबेलच असं नाही. झीज ते स्वतःवर घेतं. माझ्या स्प्लिंटवर वर्षभरात केवढे ओरखडे उमटले! दुकानातलं तयार, मऊ गार्ड नीट बसेलच असं नाही. नुसत्या पुढच्या दातांवरचं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरू नका, चावाच बदलू शकतो. आणि जबडा दुखतो म्हणून कुणी चांगले दात घासून लहान करायचं म्हणालं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. घोरणं असेल किंवा मन उदास राहतं म्हणून गोळ्या चालू असतील, तर तेही सांगा. दोन्हींचा दात खाण्याशी संबंध असू शकतो. गोळ्या आपल्या मनानं बंद मात्र करायच्या नाहीत हं!

स्प्लिंट गार पाण्यानं नि ब्रशनं धुवा. गरम पाण्यानं ते वाकडं होतं. डबीतच ठेवा, कागदात गुंडाळलं की केरात गेलंच समजा. दुखत असेल तेव्हा मऊ भात, खिचडी खावी, गरम पाण्याच्या पिशवीनं गाल शेकावा, मोठी जांभई हनुवटीला हात लावून आवरावी.

आणि दिवसा? सुईत दोरा ओवताना, कणीक तिंबताना, मुलांचा अभ्यास घेताना आपले दात घट्ट आवळलेले असतात, पाहा हवं तर! ओठ मिटलेले, पण दात सुटे, असं असायला हवं. ते आठवावं म्हणून मी मिक्सरच्या वरच्या फरशीवर एक टिकली चिकटवली आहे. ती दिसली की जबडा सैल सोडायचा. परवा सासूबाईंनी विचारलं, "भिंतीला कुंकू कुणी लावलं गं?"