ज्ञानऋणाची फेड

उसनवारी फेडण्याची रीत व्यापारी घरांना नवी नाही. रक्कम, मुदत आणि व्याज ठरले, की हिशोब चुकता होतो. परंतु घेतलेल्या ज्ञानाची फेड कशी करावी? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बागप्रेमींनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या आचरणातून दिले आहे.

विद्यापीठांतील कृषिज्ञान शेतकऱ्यांच्या दारी पोहोचविण्यासाठी अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने विस्तारसेवा उभी राहिली. पुढे शहरे वाढली. सिॲटल आणि टॅकोमा या शहरांच्या परिसरात घराभोवती बाग करणाऱ्यांच्या शंका इतक्या येऊ लागल्या, की तेथील विस्तार-अधिकाऱ्यांना उसंत मिळेना. त्यांपैकी डेव्हिड गिबी यांनी एक तोडगा सुचविला. विद्यापीठाने जाणत्या नागरिकांना बागकामाचे शिक्षण द्यावे आणि त्यांनी मोबदल्यात आपल्या वेळेतील ठरावीक तास समाजाला द्यावेत.

काही तज्ज्ञांना हे रुचले नाही. हौशी माणसाचा सल्ला चुकला, तर हानी कोणाची? शंका रास्त होती. तेव्हा १९७२ मध्ये टॅकोमातील एका व्यापारसंकुलात प्रायोगिक सल्लाकेंद्र मांडण्यात आले. लोकांच्या प्रतिसादाने गरज किती मोठी आहे, हे उघड झाले. १९७३ मध्ये स्वयंसेवकांची पहिली तुकडी शिकून तयार झाली. ‘मास्टर गार्डनर’ या नावाने ओळखली जाणारी ही चळवळ आज अमेरिकेत सर्वदूर पसरली आहे.

या सल्लाकेंद्राचे काम पाहण्यासारखे असते. कोणी पिवळे पडलेले पान घेऊन येतो आणि कीटकनाशक मागतो. स्वयंसेवक आधी प्रश्न विचारतो: पाणी किती देता? ऊन किती वेळ मिळते? कुंडीतून पाण्याचा निचरा होतो का? पुष्कळदा दोष किडीचा नसतोच. अतिपाण्याने मुळांचा श्वास कोंडलेला असतो. कीड आढळली, तरी ती ओळखल्यावाचून उपाय सांगितला जात नाही. कारण मावा खाणारा ढालकिडा हा बागेचा मित्रच असतो. अशा विचारपुशीने कितीतरी अकारण फवारणी टळते. जे ठाऊक नाही, ते ‘विचारून सांगतो’ असे मोकळेपणाने कबूल करण्याची शिस्तही येथे आहे. तज्ज्ञांच्या मूळ शंकेचे खरे उत्तर या शिस्तीतच होते.

या व्यवहारातील मर्म असे, की येथे ऋण धनकोकडे परत जात नाही. विद्यापीठाने दिले, ते अनोळखी शेजाऱ्याच्या अंगणात फेडले जाते. पैसा दिला, की गाठीचा कमी होतो. सांगितलेली विद्या मात्र सांगणाऱ्यापाशीही उरते.

अनेक घरांत गच्चीवरची तुळस, मोगरा वा कढीपत्ता वर्षानुवर्षे जोपासणारी एखादी आजी असते. कोणत्या ऋतूत छाटावे, केव्हा पाणी तोडावे, हे तिच्या हातांना ठाऊक असते. हे तिला कोणी विचारले नाही, तर ते तिच्यासोबतच संपते. इमारतीतील चार मुलांना रविवारची एक सकाळ तिच्याजवळ बसविले, तर ती विद्या चार घरी पोहोचेल. पुढे ती मुलेही कोणाला तरी शिकवतील आणि तिची फेड होत राहील.